विवराचं म्हातारपण

लोणारला विद्यार्थ्यांची सहल नेण्याचा माझा परिपाठ बरीच वर्षं होता. अशाच एका खेपेला, धारेच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला काठावर उभा राहून मी मुलांना नेहमीचं सांगत होतो: आकाशातून अशनी आला, आदळला, हा एवढा खड्डा पडला. सांगून झालं, मुलांनी वह्या मिटल्या. घोळक्याच्या मागं गावातलाच एक पोरगा उभा राहून ऐकत होता, असेल आठवी-नववीतला. त्यानं विचारलं, "सर, मग हे अजून बुजलं कसं नाही? आमच्या मळ्यातली पडकी विहीर तर चार पावसाळ्यांत भरून आली."

"अरे, हे मोठं आहे, वेळ लागतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. उत्तर खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं. पुढं मलाच ते टोचत राहिलं. हातातलं पुस्तक म्हणजे त्या पोराला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. ते तीनशे पानांचं झालं हा माझा दोष, त्याचा नाही.

विवरांबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक जन्माबद्दलच बोलतो. अशनी केवढा होता, वेग किती होता, किती अणुबाँबांइतकी ऊर्जा बाहेर पडली. बारसं थाटात होतं आणि पुढच्या आयुष्याची कुणी चौकशी करत नाही. वास्तविक लोणारएवढं विवर पडायला काही सेकंद पुरतात. शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीच्या विवराचंही ढोबळ रूप दहा-पंधरा मिनिटांत ठरून जातं. त्यानंतरची कोट्यवधी वर्षं ते विवर खचतं, भरतं, झिजतं, गाडलं जातं, कधी पुन्हा उघडं पडतं. या पुस्तकाचा विषय ती वर्षं आहेत.

सुरुवात लोणारपासूनच करतो, कारण ते आपल्या पायाखालचं आहे आणि एका दिवसात बघून होतं. काठापासून काठापर्यंत 1.8 किलोमीटर. काठ भोवतालच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच, आणि काठावरून खाली तळ्याच्या पाण्यापर्यंत सुमारे दीडशे मीटर. गोमुखाच्या बाजूनं पायऱ्या उतरताना लोकांचं लक्ष देवळांकडं आणि माकडांकडं असतं, तेही योग्यच आहे. पण दोन मिनिटं थांबून कातळ बघावा. सह्याद्रीत कुठंही जा, बेसाल्टचे थर पाटावर पाट ठेवल्यासारखे आडवे असतात. इथं काठाजवळ मात्र ते बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. खालून कुणीतरी जोरानं उचकटल्यासारखे. काठाच्या माथ्यावर काही ठिकाणी तर खालचा थर वर आणि वरचा खाली असा पालथा पडलेला आहे, तव्यावर भाकरी उलटावी तसा. ज्वालामुखीच्या मुखाशी असं होत नाही. तरी सगळा मुलूख लाव्हाचा असल्यामुळं लोणारला दीर्घकाळ ज्वालामुखीचंच मानलं गेलं. 1973 मध्ये फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट दाखवलं. बेसाल्टमधलं फेल्स्पार हे खनिज न वितळता, निव्वळ धक्क्यानं काचेसारखं होतं, तेव्हा त्याला हे नाव देतात. तेवढा धक्का पृथ्वीच्या पोटातून येत नाही.

ही झाली जन्माची खूण. वयाच्या खुणा वेगळ्या. ईशान्येला धारेच्या ओढ्यानं काठ कापून काढला आहे आणि कापलेली माती तळ्याच्या कडेला पंख्यासारखी पसरवून ठेवली आहे. उतारांवर माती धरली, झाडी वाढली. तळ्याच्या खाली बोअर घेतले तेव्हा सुमारे शंभर मीटर जाडीचा गाळ लागला आणि त्याखाली फुटका, चेचलेला कातळ. म्हणजे वरून दीडशे मीटर दिसणारं विवर मुळात अडीचशेच्या आसपास होतं. पाचातले दोन हिस्से तर बुजलेलंच आहे! त्या पोराचा प्रश्नच मुळात थोडा चुकला होता आणि मला ते तिथल्या तिथं सांगता आलं नाही.

बुजायला किती काळ लागला, हे मात्र अवघड आहे. लोणारचं वय एका पद्धतीनं सुमारे 52 हजार वर्षं येतं, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं. अकरापट फरक! मी पाटीवरचा हिशेब करून बघितला. पहिलं वय धरलं तर गाळ साठण्याचा सरासरी वेग वर्षाला सुमारे दोन मिलिमीटर येतो. दुसरं धरलं तर मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी. पहिल्या वेगानं उरलेला खड्डा पाऊण लाख वर्षांत भरेल, दुसऱ्यानं आठ-साडेआठ लाख. हा हिशेब भाबडा आहे, हे मला मान्य आहे. आघातानंतर लगेच कोसळून आलेला माल त्यात वेगळा काढलेला नाही, काठ झिजून खाली येतो तेही धरलेलं नाही. पण एक गोष्ट त्यातून कळते: माणसाचं असो की विवराचं, जन्मतारीख ठाऊक नसली की तब्येत चांगली की वाईट हे सांगता येत नाही. विवर ताजं दिसतं म्हणजे ते तरुण आहे, असं आपण पटकन म्हणतो. कदाचित त्या भागात झीजच मंद असेल.

इथं शब्दांचं थोडं बोलून घेतो. आकाशात चमकून जाते ती उल्का, जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. लोणारची उल्का हा प्रयोग रूढ आहे म्हणून मी त्याच्याशी भांडत बसलेलो नाही, पण पुस्तकात मी अशनी आणि लघुग्रह हेच शब्द वापरले आहेत. 'विवर' शब्दाला कृष्णविवरानं थोडं बिघडवलंय. व्याख्यानाला आलेल्यांपैकी निम्मे लोक त्याच अपेक्षेनं येतात आणि हिरमुसतात. दुसरा शब्द सुचला नाही. खड्डा म्हटलं की महापालिका आठवते.

आता मुख्य अडचणीकडं. लोणार हे लहान विवर आहे, आणि मोठं विवर म्हणजे लहान विवराची वाढवलेली प्रत नव्हे. ज्वारीच्या राशीत मूठ खुपसून काढली तर खड्डा क्षणभर राहतो आणि कडेचे दाणे ओघळून तो उथळ होतो. खडक दाण्यांपेक्षा कितीतरी पक्का, पण खड्डा पुरेसा मोठा झाला की त्याच्या कडांचं वजन खडकालाही पेलवत नाही. पृथ्वीवर ही मर्यादा दोन ते चार किलोमीटरांवर येते. चंद्रावर गुरुत्व कमी, तिथं पंधरा-वीस किलोमीटरांपर्यंत वाटी वाटीच राहते. त्यापुढं कडा पायऱ्यापायऱ्यांनी आत खचतात आणि तळ मधोमध उसळून वर येतो. पिठलं रटरटताना बुडबुडा फुटला की खळगा पडतो आणि मध्ये एक टोक उठून बसतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की पिठल्यातलं टोक विरून जातं, खडकातलं तिथंच गोठतं. विवर आणखी मोठं असेल तर ते मधलं टोकही स्वतःच्या वजनानं कोसळून बाहेर पसरतं आणि शिखरांचं एक कडं तयार होतं. त्याहून मोठ्या आघातात वलयात वलय, वलयात वलय. म्हणून मोठी विवरं रुंदीच्या मानानं फार उथळ असतात. लोणारसारख्या वाटीची मूळ खोली रुंदीच्या पाचव्या ते सातव्या भागाइतकी. शेकडो किलोमीटरांच्या विवराला ताटच म्हणावं.

एवढं दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं आणि मग ग्रहाचा स्वभाव कामाला लागतो. तो प्रत्येकाचा वेगळा. हवा नसलेला चंद्र विवराला एका तऱ्हेनं म्हातारं करतो, पावसाची पृथ्वी दुसऱ्या.

चंद्राचं उदाहरण कुणालाही गच्चीवरून बघता येतं. लहान मुलांना आपण चंद्रावरचा ससा दाखवतो. त्या सशाचे कान, डोकं, पाठ म्हणून जे काळपट डाग दिसतात, त्यातले बरेचसे म्हातारी महाविवरं आहेत. मेअर इम्ब्रियम हा डाग घ्या. हे सुमारे 1,100 किलोमीटर रुंदीचं विवर साधारण 390 कोटी वर्षांपूर्वी पडलं आणि नंतरच्या कोट्यवधी वर्षांत आतून वर आलेल्या लाव्हानं तुडुंब भरलं. लाव्हा म्हणजे आपलाच बेसाल्ट. लोणार हे बेसाल्टमध्ये पडलेलं, चांगलं टिकलेलं विवर असल्यामुळं चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोक बुलढाणा जिल्ह्याची वाट धरतात, त्याचं कारण हेच. शशांक आणि मृगांक ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना कळायचं कारण नव्हतं, पण चंद्रावरचा ससा आणि सह्याद्रीचा कातळ यांची जात एक आहे.

साधी दुर्बीण मिळाली तर पौर्णिमेच्या आसपास चंद्राच्या दक्षिण भागात टायको शोधा. 85 किलोमीटरांचं विवर, त्यातून चहूकडं पांढऱ्या रेघा फुटलेल्या. आघातात उधळलेल्या दगडचुऱ्याच्या या रेघा. टायकोचं वय सुमारे 11 कोटी वर्षं धरतात, म्हणजे पृथ्वीवर डायनोसॉर होते तेव्हाचं ते. चंद्राच्या हिशेबात हे काल-परवाचं पोर. कोपर्निकसचं वय सुमारे 80 कोटी. त्याच्या रेघा दिसतात, पण विटलेल्या. टायकोच्या थोडं दक्षिणेला क्लेव्हियस आहे, सव्वादोनशे किलोमीटरांचं. रेघा केव्हाच गेल्या, काठ बोथट, तळावर लहान विवरांची माळ. वारा नाही, पाणी नाही, मग हे बोथट कशानं झालं? सतत पडणाऱ्या बारीक कणांनी. वाळूच्या दाण्याहून लहान कणांचा मारा अब्जावधी वर्षं चालू राहिला की कातळाची धार मोडते, चुरा उताराखाली सरकतो, काठ उतरतो, तळ चढतो. उघड्या दगडाची झीज दहा लाख वर्षांत मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडं पहिल्या पावसात एक ओढा जेवढं नेतो तेवढ्याला चंद्राला युगं लागतात.

पण चंद्रावरच्या झिजेपेक्षाही मोठी गोष्ट घडते ती गाडलं जाण्याची. चांद्रयान-3 ऑगस्ट 2023 मध्ये दक्षिणेकडं सुमारे 69 अंशांवर उतरलं. प्रज्ञान रोव्हरनं आणि कक्षेतल्या यानानं काढलेल्या चित्रांवरून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2024 मध्ये दाखवलं की उतरण्याची जागा एका सुमारे 160 किलोमीटर रुंदीच्या, जवळजवळ पुसून गेलेल्या विवरात आहे. तिथून साडेतीनशे किलोमीटरांवर दक्षिण ध्रुव-एटकिन हे अडीच हजार किलोमीटरांचं महाविवर पडलं, तेव्हा उडालेल्या राड्यानं हे आधीचं विवर दडपलं. आपलं यान एका विवरात उतरलं आणि ते विवर आहे, हे कळायला आणखी वर्ष लागलं. मला ही बातमी चंद्रावर पाणी सापडल्याच्या बातमीपेक्षा मोठी वाटली होती. वर्तमानपत्रांनी ती आतल्या पानावर छापली.

महाविवरांच्या बाबतीत आणखी एक प्रकार होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एवढं कवच एकदम खरवडून निघालं की खालचा जड खडक हळूहळू वर येतो, ओझं उतरलेल्या गाडीच्या पाट्यांसारखा. वरून लाव्हा भरला की ओझं पुन्हा वाढतं आणि तळ मधोमध खचतो, कडेला भेगा पडतात. चंद्राभोवती फिरणारी यानं अशा जागांवरून जाताना किंचित ओढली जात, ते 1968 मध्ये लक्षात आलं. खड्ड्याच्या जागी वस्तुमान कमी असायला हवं तर उलट जास्त! खड्डा बुजला म्हणजे काय झालं, या प्रश्नाचं एक उत्तर इथं मिळतं: काही खड्डे बुजताना गरजेपेक्षा जास्त भरतात.

शुक्रावर आपल्या घरची दोन नावं आहेत. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तृत्ववान स्त्रियांची नावं द्यायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यात एक विवर जोशी नावाचं, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावानं. दुसरं मेधावी, म्हणजे पंडिता रमाबाई. दोन्ही तीस-पस्तीस किलोमीटरांची. 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. आता दोघी एकाच ग्रहावर आहेत. आणि त्या ग्रहावर विवरं जवळपास म्हातारीच होत नाहीत. मॅगेलन यानानं 1990 ते 1992 या काळात रडारनं शुक्राचा नकाशा केला. सगळी मिळून हजाराच्या आतबाहेर विवरं सापडली, आणि बहुतेक कालच पडल्यासारखी ताजी. पाऊस नाही, तापमान 460 अंशांच्या वर, हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट, त्यामुळं लहान अशनी खाली पोचतच नाहीत. अर्धवट झिजलेली, निम्मी गाडलेली विवरं फारशी नाहीतच. याचा एक अर्थ असा लावतात की काही पन्नासएक कोटी वर्षांपूर्वी शुक्राचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग लाव्हानं नव्यानं सारवला गेला आणि आधीची विवरं समूळ गेली. हे सारवण एकदम झालं की तुकड्यातुकड्यानं, यावर वाद आहे, तो तिसऱ्या प्रकरणात मांडला आहे. अलीकडच्या अभ्यासात अनेक विवरांचे तळ लाव्हानं भरलेले असावेत असंही दिसतं, म्हणजे 'कालच पडल्यासारखी' या शब्दांत थोडी फसगत असू शकते.

बुधाचं काम दोन वाक्यांत होईल. तो थंड होत आकसला, त्रिज्या काही किलोमीटरांनी कमी झाली, त्यामुळं कवचाला सुरकुत्या पडल्या आणि त्या जुन्या विवरांच्या मधून आरपार गेल्या. सुकलेल्या आवळ्यावर एखादा डाग असावा आणि सुरकुती त्या डागावरून जावी तसं.

मंगळाला मात्र मी दोन प्रकरणं दिली आहेत. तिथं वारा आहे, बर्फ आहे, कधीकाळी वाहतं पाणी होतं, आणि तरीही झीज पृथ्वीइतकी तिखट नाही. म्हणजे म्हातारपणाच्या सगळ्या पायऱ्या शाबूत बघायला मिळतात. मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडच्या भागात लोणार नावाचं एक विवर आहे, आपल्या लोणार गावाच्या नावानंच, साधारण 11 किलोमीटरांचं. पण शिकायला आहे ते गेल या विवरात. रुंदी 154 किलोमीटर, वय साडेतीनशे कोटी वर्षांच्या पुढं. क्युरिऑसिटी रोव्हर तिथं ऑगस्ट 2012 मध्ये उतरला, तो बघायला मधला डोंगर. पाच किलोमीटरांहून उंच, विवराच्या उत्तर काठापेक्षाही उंच. इतक्या मोठ्या विवरात मधोमध टोक असतंच, म्हणून हा डोंगर म्हणजे ते टोक असं वाटेल. नाही. जवळ जाऊन बघितलं तर थरावर थर, पोथीची पानं रचल्यासारखे, आणि खालचे थर तळ्यात बसलेल्या चिखलाचे. आघातात उठलेलं टोक आत कुठंतरी दबलेलं आहे. विवरात गाळ भरत गेला, आणि मग वाऱ्यानं कडेकडेनं तो उकरून नेला. मधला ढीग राहिला. किती उंचीपर्यंत भरलं होतं, यावर मतभेद आहेत. पण खड्ड्यात डोंगर कसा आला, याचं उत्तर 'तो खड्डा भरला होता' हे आहे.

आणि मग पृथ्वी. पृथ्वीवर खात्रीनं ओळखलेली विवरं दोनशेच्या आसपास, चंद्रावर मोजता येणार नाहीत इतकी. आघात इथंही झालेच, पुसले गेले. महाराष्ट्राचंच बघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हानं इथली जुनी जमीन झाकली, पश्चिम घाटात तर हे थर दोन किलोमीटरांच्या घरात जातात. त्याखाली एखादं जुनं विवर असेल तर ते सशाच्या डागाखाली गेलेल्या विवरासारखं आहे, फक्त वर ऊस उभा आहे. मुंबईजवळच्या समुद्रतळाशी 'शिव' नावाचं महाविवर असल्याचा एक दावा अधूनमधून वाचनात येतो. बहुतेक भूशास्त्रज्ञांना तो मान्य नाही, मलाही नाही. आघाताची खूण असलेला दगड हातात येईपर्यंत गोल आकाराला काही किंमत देऊ नये.

मेक्सिकोच्या युकातानमधल्या चिकशुलूबची गोष्ट सगळ्यांना डायनोसॉरमुळं माहीत आहे: 6.6 कोटी वर्षं, रुंदी 180 किलोमीटर किंवा थोडी अधिक. मला त्याचं कौतुक वेगळ्या कारणासाठी आहे. ते पडलं आणि जवळजवळ ताबडतोब गाडलं गेलं, म्हणून सुरक्षित राहिलं. 2016 मध्ये समुद्रातून बोअर घेऊन त्याच्या शिखरांच्या कड्यातला खडक बाहेर काढला. तो ग्रॅनाइट निघाला, आठ-दहा किलोमीटर खोलीवरून काही मिनिटांत वर आलेला. त्याच्यावर पहिल्या एका दिवसात सुमारे 130 मीटर जाडीचा राडा बसला होता, कोसळलेला, पुन्हा आत घुसलेल्या समुद्रानं आणलेला. लोणारला जे शंभर मीटर भरायला हजारो किंवा लाखो वर्षं लागली, ते तिथं एका दिवसात. नंतर चुनखडकानं शेकडो मीटरांची गोधडी पांघरली. आज वर उभं राहिलं तर सपाट रान दिसतं. पण त्या चुनखडकात पाण्यानं भरलेल्या खोल विहिरींसारख्या जागा आहेत, माया लोक पिढ्यानपिढ्या त्यांचं पाणी प्यायले. नकाशावर त्या ठिपक्यांनी दाखवल्या तर अर्धवर्तुळ होतं. गाडलेला काठ वरच्या थरांना खालून तडे देत राहिला आणि पाणी त्या तड्यांनी गेलं.

कॅनडातलं सडबरी विवर 185 कोटी वर्षांचं. पुढं पर्वत उभे राहताना तो सगळा भाग दाबला गेला आणि गोल विवर चेपून सुमारे 60 किलोमीटर लांब, 30 रुंद असं लंबुळकं झालं. आघातात वितळलेल्या खडकाच्या तळाशी निकेल आणि तांबं बसलं. 1883 मध्ये रेल्वेचा रस्ता खोदताना ते सापडलं आणि खाणी सुरू झाल्या. ते विवर आहे हे कळायला त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षं जावी लागली. कॅनडातच मॅनिकूअगन आहे, 21 कोटी वर्षांचं, हिमनद्यांनी रंधा मारल्यासारखं सपाट केलेलं. त्याचं वर्तुळाकार तळं अवकाशातून सुंदर दिसतं, आणि छायाचित्रांच्या पुस्तकात ते असतंच, म्हणून मी त्यावर फार लिहिलं नाही.

फ्रेडेफोर्टवर लिहिलं. मला विचाराल तर आख्ख्या पृथ्वीवरचं सगळ्यांत बोलकं विवर हेच, आणि त्यात खड्डा नाही. दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या नैऋत्येला, व्हाल नदीकाठी पॅरिस नावाचं लहान गाव आहे, त्याच्या आसपास. 202 कोटी वर्षांपूर्वी तिथं अडीचशे ते तीनशे किलोमीटर रुंदीचं विवर पडलं असावं. त्यानंतर वरचा आठ-दहा किलोमीटर जाडीचा खडक झिजून गेला. काठ गेला, तळ गेला, तळाखालचा चेचलेला भाग गेला. आपण आज चालतो ते विवराच्या मुळांवरून. मधोमध चाळीसेक किलोमीटरांचा ग्रॅनाइट, एके काळी जमिनीत कित्येक किलोमीटर खोल असलेला. त्याच्याभोवती अर्धवर्तुळात टेकड्यांच्या रांगा, आणि त्यांतले थर उभे, काही तर उलटे. लोणारला काठावर पालथे थर बघितलेत ना, इथं तोच प्रकार मुळाशी आणि डोंगराएवढा. दक्षिण अंग नंतरच्या गाळाच्या खडकांखाली झाकलेलं.

दहा किलोमीटर झीज ऐकून छाती दडपते. हिशेब केला तर दोनशे वर्षांत एक मिलिमीटर. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजवर पावणेदोन मिलिमीटर. ही सरासरी आहे, झीज अशी हप्त्याहप्त्यानं होत नसते. पण पृथ्वी घाई न करता काय करू शकते, याचा अंदाज येतो.

काहीच आकार उरला नाही तर हे विवर ओळखलं कसं? बराच काळ ओळखलं नव्हतंच. पोटातल्या वायूंचा स्फोट झाला असं म्हणत. 1961 मध्ये तिथल्या खडकांतल्या शंकूसारख्या फुटींकडं लक्ष वेधलं गेलं. हा दगड हातात घेतला की विसरत नाही. एका टोकापासून रेघा पसरत जातात, उलट्या धरलेल्या केरसुणीसारख्या, बोटभरही असतात आणि माणसाएवढ्याही. धक्क्याची लाट खडकातून जाताना हा ठसा उमटतो. फ्रेडेफोर्टचे उभे-उलटे थर कागदावर पुन्हा आडवे करून मांडले, तेव्हा शंकूंची टोकं आत मध्याकडं आणि वर वळली; म्हणजे घाव वरून, मधोमध बसला होता. वरचा खड्डा असता तर हे खडक कित्येक किलोमीटर खाली राहिले असते आणि कुणाच्याच हाताला लागले नसते. याच आघातानं भोवतालचे सोन्याचे थर खाली दाबले आणि झिजेपासून वाचवले. जोहान्सबर्ग हे शहर 1886 मध्ये ज्या सोन्यामुळं उभं राहिलं, त्यातलं बरंचसं एरवी समुद्रात वाहून गेलं असतं.

हे पुस्तक लिहिताना माझ्या मनात जो क्रम बसत गेला तो असा. एकाच विवराचं सबंध आयुष्य बघायला कुणी जगत नाही. पण लोणारला काठ आणि अर्धा भरलेला तळ बघायला मिळतो, चिकशुलूबला गाडलेलं पूर्ण अंग, सडबरीला चेपलेली हाडं, फ्रेडेफोर्टला मुळं. हे तुकडे एका धाग्यात ओवताना चंद्र आणि मंगळ मदतीला येतात. काही ठिकाणी माझा धागा ताणलेला आहे, हे मी त्या त्या पानावर सांगितलं आहे. आकडेमोड टाळली नाही, कारण मराठी वाचक आकड्यांना भितो हे मला कधीच पटलेलं नाही. तो रोज वाण्याचा हिशेब तपासतो. कोटी आणि लाख वापरले आहेत, दशलक्ष-अब्ज शक्यतो नाहीत.

शेवटचं प्रकरण ढालाचं आहे. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात ढाला नावाचं गाव आहे. तिथलं विवर सुमारे 11 किलोमीटरांचं, वय 170 ते 250 कोटी वर्षांच्या दरम्यान कुठंतरी. राजस्थानातलं रामगढ टेकड्यांच्या कड्यामुळं लांबूनही ओळखू येतं. ढाला तसं येत नाही. गाडीतून उतरलं तर शेतं, बाभळी, ग्रॅनाइटचे उंचसखल दगड. वितळून पुन्हा गोठलेला खडक कुठंकुठं उघडा आहे, तो शोधावा लागतो. मात्र मधोमध एक सपाट माथ्याची टेकडी उभी आहे. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा सवयीनं म्हणून गेलो, हे मधलं टोक. बरोबरच्या स्थानिक गृहस्थांना काय कळणार, त्यांनी मान डोलावली. टेकडी चढलो. वर आडवे, शांत, विंध्यन काळातले वालुकाश्माचे थर. त्यांत धक्क्याचा मागमूस नाही. ती आघातात उठलेली नव्हतीच. विवर पडून गेल्यावर त्यात गाळ बसला, त्याचा दगड झाला. मग काठ झिजले, भोवतालचं सगळं खाली गेलं, आणि खड्ड्यात भरलेला माल तेवढा उंच राहिला. त्या टेकडीच्या माथ्यावर बसून आम्ही डबे सोडले. लोणारचा पोरगा तिथं असता तर त्याला म्हटलं असतं, हे बघ, बुजलेलं विवर असं दिसतं.